‘फ्लो लो-लो’ची ट्रिप पुन्हा पुन्हा येते, रिसेट केलं की सगळं ठीक दिसतं : दोष नेमका कुठे आहे ते कसं पकडायचं

तक्रार नेहमीची आहे. लाईन व्यवस्थित चालू असते, अचानक ‘फ्लो लो-लो’ ट्रिप (फ्लो सर्वांत खालच्या मर्यादेखाली गेला म्हणून आपोआप होणारा बंद) येते, पंप बंद पडतो. ऑपरेटर रिसेट करतो, पंप पुन्हा सुरू होतो, फ्लो सेट पॉइंटवर येतो. इन्स्ट्रुमेंटचा माणूस येईपर्यंत तपासायला काही उरलेलं नसतं. दोन-चार वेळा असं झालं की ट्रान्समीटर बदलला जातो. थोडे दिवस शांततेत जातात आणि ट्रिप परत येते.

इथे धरलेला लूप (मोजमापापासून व्हॉल्व्हपर्यंतची कंट्रोलची साखळी) असा : ऑरिफिस प्लेटवरचा डीपी (प्रेशरच्या फरकावरून फ्लो मोजणारा) ट्रान्समीटर, जंक्शन बॉक्स, बॅरियर (स्फोटप्रवण क्षेत्रात जाणारी वीज मर्यादित ठेवणारा), पीएलसीचं (कंट्रोल करणाऱ्या संगणकाचं) अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड, पीआयडी (कंट्रोलरचं गणित), अ‍ॅनालॉग आउटपुट कार्ड, पोझिशनर (व्हॉल्व्हचा स्टेम सांगितलेल्या जागी नेणारा), कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि मागे सेंट्रिफ्यूगल पंप. लेव्हल, प्रेशर किंवा तापमानाचा लूप असला तरी शोधण्याची रीत हीच राहते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. अलार्मवर जे नाव येतं ते दोष जिथे दिसला त्या जागेचं असतं. दोष जिथे झाला ती जागा लूपमध्ये कुठेही असू शकते. ‘फ्लो लो-लो’ वाचून फ्लो ट्रान्समीटर बदलणं हा अंदाज झाला, निदान नव्हे.

रिसेटचं बटण दाबण्याआधी

अधूनमधून येणारा दोष पुरावा फक्त एकदाच देतो, ट्रिपच्या आधीच्या काही मिनिटांत. म्हणून ट्रिपच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दोन मिनिटं असा ट्रेंड जपून ठेवा. त्यात फ्लोचा पीव्ही (मोजलेलं मूल्य), कंट्रोलरचा ओपी (व्हॉल्व्हला दिलेला हुकूम), व्हॉल्व्हचा पोझिशन फीडबॅक, पंपाचे अँपिअर आणि डिस्चार्ज प्रेशर हे पाचही एकाच पानावर हवेत. नोंद दर सेकंदाला तरी व्हायला हवी. हिस्टोरियनमध्ये (जुना डेटा साठवणाऱ्या यंत्रणेत) डेटा आवळून साठवण्याची मर्यादा सैल ठेवली असेल तर क्षणभराची डुबकी नोंदलीच जात नाही, आणि मग ‘ट्रेंडमध्ये काहीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पीव्हीच्या जोडीला इनपुट कार्डचं कच्चं मूल्य, म्हणजे स्केलिंगच्या आधीचे काउंट किंवा मिलिअँपिअर, ट्रेंडला लावा. हे अनेक ठिकाणी राहून जातं, आणि नेमकी तिथेच वाट चुकते. डीपी फ्लोमध्ये वर्गमूळ (फ्लो डीपीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो) आणि लो-फ्लो कट-ऑफ (अगदी कमी फ्लो शून्यच धरणं) असतो. करंट ४ मिलिअँपिअरच्या खाली गेला तरी पडद्यावर फक्त ‘०’ दिसतो. त्यामुळे खरोखर फ्लो थांबला की वायर तुटली, हे पीव्हीवरून कळत नाही. कच्च्या मूल्यावर ते लगेच कळतं : ४ मिलिअँपिअर म्हणजे ०%, २० म्हणजे १००%, ३.६ म्हणजे उणे २.५%, आणि वायर पूर्ण तुटून ० झाला तर उणे २५%. नामूर एनई ४३ या शिफारशीप्रमाणे मोजमापाचा करंट ३.८ ते २०.५ मिलिअँपिअरमध्ये राहतो; ३.६ किंवा त्याहून कमी, आणि २१ किंवा त्याहून जास्त, हे दोषाचे इशारे आहेत. ट्रान्समीटर स्वतःचा बिघाड ओळखून याच पट्ट्यात जातो. तो वर जावा की खाली, हे त्याच्या सेटिंगमध्ये ठरलेलं असतं. ते सेटिंग आधी बघून ठेवा.

अलार्मच्या क्रमावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एकाच स्कॅनमध्ये (पीएलसीच्या एका फेरीत) आलेल्या सगळ्या अलार्मना एकच वेळ मिळते आणि यादीत त्यांचा क्रम कसाही लागतो. दोन कंट्रोलरची घड्याळं जुळलेली नसतील तर परिणाम आधी आणि कारण नंतर, असंही दिसेल. फर्स्ट-आउट लॉजिक (सगळ्यात आधी आलेलं कारण पकडून ठेवणारं) असेल तर त्याचं उत्तर टिपून घ्या. नसेल तर ते लावण्याचं काम यादीत सगळ्यात वर घ्या.

ट्रेंडचा आकार बोलतो

कच्चा करंट एका-दोन नोंदींत कोसळून तसाच झटकन परत आला, आणि त्या वेळी पंपाचे अँपिअर नि डिस्चार्ज प्रेशर हललेच नाहीत, तर दोष विजेच्या बाजूला आहे. पाइपमधलं पाणी पंपाला पत्ता न लागता थांबू शकत नाही.

फ्लो हळूहळू उतरतोय, ओपी वर चढत चढत १००% ला टेकलाय आणि मग ट्रिप आली, तर सिग्नल खरा आहे. स्ट्रेनर तुंबणं, सक्शनला हवा येणं, व्हॉल्व्ह पूर्ण न उघडणं ही कारणं बघा.

फ्लो चौकोनी पायऱ्यांसारखा वर-खाली होतोय आणि ओपी करवतीच्या दात्यांसारखा चढ-उतार करतोय, तर व्हॉल्व्ह चिकटतोय. कंट्रोलर दाब वाढवत राहतो, स्टेम जागचा हलत नाही, मग एकदम उडी मारतो. लेव्हलच्या लूपमध्ये टाकी बेरीज करत असल्याने पीव्ही चौकोनी न दिसता त्रिकोणी दिसतो.

पीव्हीची रेघ अगदी सपाट झाली, नेहमीची बारीक थरथर नाहीशी झाली आणि काही काळाने वाचन भलतीकडे सरकलं, तर इम्पल्स लाईन (पाइपमधलं प्रेशर ट्रान्समीटरपर्यंत आणणारी बारीक नळी) तुंबली आहे. त्याआधी कोणी डॅम्पिंग (सिग्नल गुळगुळीत करणारं सेटिंग) वाढवून ठेवलंय का ते बघा. ०.५ सेकंदाचं डॅम्पिंग ५ सेकंद केलं तरी रेघ अशीच गुळगुळीत होते. तुंबण्याची बाजूही ओळखता येते. हाय बाजू (ऑरिफिसच्या आधीची) तुंबली असेल तर लाईनचं प्रेशर वाढताच वाचन खाली जातं. लो बाजू तुंबली असेल तर प्रेशर वाढताच वाचन वर जातं. प्रेशर वाढताना दरवेळी ‘लो-लो’ येत असेल तर हाय बाजूची लाईन आधी साफ करा.

बंद लूप दोष झाकतो

याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लूप ऑटोमध्ये असताना कंट्रोलरचं कामच पीव्हीला सेट पॉइंटवर आणून ठेवण्याचं असतं. ट्रान्समीटर ५% जास्त दाखवू लागला तर कंट्रोलर व्हॉल्व्ह थोडा मिटतो, पीव्ही पुन्हा सेट पॉइंटवर येतो आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. खरा फ्लो मात्र घटलेला असतो. अशा वेळी दोष दिसतो तो ओपीमध्ये आणि शेजारच्या उपकरणांमध्ये. म्हणून रोजच्या पाहणीत पीव्ही न बघता, त्याच उत्पादनाला आणि त्याच सेट पॉइंटला महिन्याभरापूर्वी ओपी किती होता आणि आज किती आहे, हे बघा.

यालाच पद्धतशीर रूप द्यायचं तर एकच फ्लो तीन वेगळ्या वाटांनी काढायचा. पहिली वाट ट्रान्समीटरची. दुसरी व्हॉल्व्हची : ओपीवरून व्हॉल्व्हचा सीव्ही (तेवढ्या उघडण्याला असलेली वहनक्षमता) आणि व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या प्रेशरचा फरक घेऊन फ्लो निघतो. तिसरी पंपाची : मोटारने घेतलेल्या पॉवरवरून, चांगल्या स्थितीतल्या डेटावर बसवलेल्या वक्रानुसार. या तिन्हींच्या जोड्यांमधली तफावत सतत मोजत राहायची.

ट्रान्समीटर बिघडला तर ट्रान्समीटर-व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटर-पंप या दोन तफावती वाढतात, व्हॉल्व्ह-पंप शांत राहते. व्हॉल्व्ह अडकला तर ज्या दोन जोड्यांत व्हॉल्व्ह आहे त्या वाढतात आणि ट्रान्समीटर-पंप शांत राहते. इम्पेलर झिजला तर पंपाच्या दोन्ही जोड्या हलतात. आणि तिन्ही तफावती शांत असताना फ्लो खरोखर कमी झाला असेल, तर तिन्ही साक्षीदार खरं बोलताहेत. कारण प्रक्रियेत शोधा. नुसती एक तफावत वाढली की दोष आहे एवढंच कळतं, तो कोणाचा आहे हे कळायला किमान तीन स्वतंत्र साक्षी लागतात. एकाच वेळी दोन उपकरणं बिघडली असतील तर हा नमुना फसतो, हेही ध्यानात असू द्या.

विजेच्या बाजूची विभागणी

हात लावण्याआधी : लूप मॅन्युअलमध्ये, इंटरलॉक (ट्रिप देणारं संरक्षण) बायपास लेखी परवानगीने, ऑपरेटरला कल्पना. स्फोटप्रवण क्षेत्रात गॅस तपासल्याशिवाय झाकण उघडायचं नाही आणि साधा मल्टिमीटर न्यायचा नाही. ट्रिप देणारा आणि कंट्रोल करणारा ट्रान्समीटर एकच असेल तर टर्मिनलला नुसता धक्का लागूनही लाईन बंद पडेल.

आता एकाच क्षणी तीन ठिकाणचं वाचन घ्या : ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर किंवा हार्ट कम्युनिकेटरवर (ट्रान्समीटरशी बोलणाऱ्या हातातल्या यंत्रावर) तो किती मिलिअँपिअर देतोय असं म्हणतो, मार्शलिंग कॅबिनेटमध्ये (फील्डच्या तारा जिथे एकत्र येतात त्या कपाटात) प्रत्यक्ष किती करंट आहे, आणि पीएलसीचं कच्चं मूल्य किती आहे. बहुतेक ट्रान्समीटरवर ‘टेस्ट’चे टर्मिनल असतात, तिथे सर्किट न तोडता मिलिअँपिअर मोजता येतो. लागून असलेल्या ज्या दोन जागांची वाचनं जुळत नाहीत, दोष त्यांच्या मध्ये.

डिस्प्ले १२.०० आणि कॅबिनेटमध्ये १२.००, पण पीएलसीत ११.६ असेल, तर ट्रान्समीटर नि केबल निर्दोष आहेत. कार्ड, त्याचा २५० ओहमचा रेझिस्टर किंवा स्केलिंग बघा. डिस्प्ले १२.०० आणि कॅबिनेटमध्ये १३.०० असेल, तर जंक्शन बॉक्समध्ये पाणी आहे. ट्रान्समीटर स्वतःपुरता करंट ठरवतो. ओल्या टर्मिनलमधून झिरपणारा करंट त्यात वरून मिळतो. बॉक्समध्ये दोन तारांमध्ये २० व्होल्ट असतील आणि ओलीचा रोध २० किलोओहम असेल तर १ मिलिअँपिअर वाढतो, म्हणजे डीपीच्या पूर्ण पल्ल्याच्या ६.२५%.

या दोषाचा परिणाम उलटा होतो म्हणून तो चकवतो. वाचन वाढतं, कंट्रोलर व्हॉल्व्ह मिटतो, खरा फ्लो पडतो. ट्रिपसाठी वेगळा ट्रान्समीटर असेल तर तो ‘लो-लो’ देतो आणि दोषी ठरवला जातो, खरं तर बरोबर तोच असतो. ट्रिप त्याच ओल्या लूपवर असेल तर ती यायला हवी तेव्हाही येत नाही, आणि हे त्याहून धोक्याचं. ट्रिप पावसानंतर किंवा धुलाईनंतर येते का, ते नोंदींशी ताडून बघा. ग्लँड बॉक्सच्या वरच्या बाजूला नसावा, आणि केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोळ घेऊन यावी.

ट्रिप फक्त जास्त लोडवर येत असेल तर व्होल्टेजचा हिशेब करा. २४ व्होल्टची सप्लाय, २५० ओहमचा रेझिस्टर, झेनर बॅरियरचे ३०० ओहम आणि केबलचे ५० ओहम धरले तर एकूण ६०० ओहम. ४ मिलिअँपिअरला त्यात २.४ व्होल्ट पडतात, ट्रान्समीटरला २१.६ मिळतात. २० मिलिअँपिअरला १२ व्होल्ट पडतात, ट्रान्समीटरला उरतात १२. त्याला किमान १२ व्होल्ट लागत असतील तर तो काठावर आहे. आता एखाद्या गंजलेल्या जोडात १०० ओहम वाढले की तो १७.१ मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. काही ट्रान्समीटर तिथेच अडतात, काही रिसेट होतात आणि सुरू होईपर्यंत करंट तळाला जातो. तोच तुमचा ‘लो-लो’. फ्लो कमी असताना तपासलं तर सगळं ठणठणीत दिसणार, कारण त्या वेळी व्होल्टेज भरपूर उरलेलं असतं.

म्हणून तपासणी अशी करा :

१. कम्युनिकेटरवरून ट्रान्समीटरला ठरावीक करंट द्यायला लावा : ४, ८, १२, १६, २०. प्रत्येक पायरीला पीएलसीचं कच्चं मूल्य जुळवा.

२. २० मिलिअँपिअरवर थांबा. ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि डेटाशीटमधल्या किमान व्होल्टेजशी ताडा. निदान एक-दोन व्होल्ट तरी जास्त हवेत.

३. २० वरच ठेवून ट्रान्समीटरपासून कार्डपर्यंत प्रत्येक टर्मिनलवरची तार हलकेच ओढा, केबल हलवा, जंक्शन बॉक्सवर टिचकी मारा. एकाने कच्च्या मूल्याचा ट्रेंड बघत राहायचं. जिथे डुबकी दिसली तिथे दोष सापडला.

४. फ्यूज टर्मिनल आणि नाइफ टर्मिनल उघडून बंद करा, फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) काढून बघा. फेरूल तारेच्या इन्सुलेशनवरच दाबला गेलेला असणं हे अधूनमधून येणाऱ्या दोषाचं अगदी नेहमीचं कारण आहे. थंड असताना तो जोड चालतो, कॅबिनेट तापलं की सुटतो.

केबलचं इन्सुलेशन मेगरने तपासायचं असेल तर दोन्ही टोकं आधी मोकळी करा. ५०० व्होल्ट ट्रान्समीटरवर किंवा कार्डवर गेले तर आणखी दोन दोष हातात येतील. शील्ड एकाच टोकाला, शक्यतो कॅबिनेटमध्ये, अर्थ केलेली असावी. दोन्हीकडे अर्थ असेल आणि डुबक्या एखादा मोठा ड्राइव्ह सुरू होतानाच येत असतील, तर फील्डकडची शील्ड कापून झाका आणि सिग्नल केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

डीपी ट्रान्समीटरची स्वतःची तपासणी

झिरो बघताना मॅनिफोल्डचा (ट्रान्समीटरला जोडलेल्या व्हॉल्व्हच्या संचाचा) एक ब्लॉक व्हॉल्व्ह आधी बंद करा, मग इक्वलायझर (हाय आणि लो बाजू जोडणारा व्हॉल्व्ह) उघडा. दोन्ही ब्लॉक उघडे असताना इक्वलायझर उघडला तर द्रव एका लाईनमधून दुसरीत वाहतो. स्टीमवर कंडेन्सेट पॉट रिकामे होतात. समान प्रेशरला ४.०० मिलिअँपिअर दिसायला हवा.

कमी फ्लोवर झिरोची लहानशी चूकही फुगते, कारण मध्ये वर्गमूळ आहे. २०% फ्लोला डीपी फक्त ४% असतो. तिथे डीपी १% सरकला की फ्लो २२.४% दिसतो. हाच १% पूर्ण फ्लोजवळ असताना अर्ध्या टक्क्याचा फरक पाडतो. ट्रिप पॉइंट ४०% वर असेल तर तिथे करंट ६.५६ मिलिअँपिअर असतो, ही संख्या लूप शीटवर लिहून ठेवा.

ट्रान्समीटर नुकताच बदलला असेल तर वर्गमूळ कुठे काढलं जातंय ते नक्की बघा. ट्रान्समीटर आणि पीएलसी दोघंही काढत असतील तर खरा ७०% फ्लो ८३.७% दिसतो, दोघंही काढत नसतील तर ४९% दिसतो. बदललेल्या ट्रान्समीटरनंतर ट्रिपचं स्वरूपच बदलल्याची तक्रार आली तर आधी हे तपासा.

व्हॉल्व्ह

लूप मॅन्युअलमध्ये टाका आणि ओपी स्थिर ठेवा. फ्लोचं डोलणं (सतत वर-खाली होणं) थांबलं तर दोष याच लूपमध्ये आहे. तेवढ्याच कालावधीने ते चालूच राहिलं तर ते बाहेरून येतंय; आजूबाजूच्या लूपमध्ये त्याच कालावधीने डोलणारा आणि सगळ्यात आधी वळणारा लूप शोधा.

दोष याच लूपमध्ये असेल तर ओपी १% च्या पायऱ्यांनी पाच-सहा वेळा वर न्या, मग तसाच खाली आणा, प्रत्येक पायरीला स्टेम आणि फ्लो स्थिर होऊ द्या. दिशा बदलल्यावर स्टेम हलेपर्यंत जितके टक्के जावे लागतात तितका व्हॉल्व्ह ढिला किंवा चिकट आहे. पोझिशनर असलेल्या चांगल्या व्हॉल्व्हने १% ची पायरी ओळखायला हवी. फीडबॅकचा आकडा एकटा पुरत नाही. लिंकेज सैल असेल तर पोझिशनर स्वतःच फसलेला असतो, म्हणून स्टेमवरची पट्टी डोळ्यांनी बघा.

चिकटलेल्या व्हॉल्व्हवर पीआयडी ट्यून करून इलाज होत नाही. गेन कमी केला की डोलणं संथ होतं, नाहीसं होत नाही, आणि मग खऱ्या अडथळ्यालाही लूप उशिरा उत्तर देतो. गळती थांबवायला पॅकिंग फार आवळलंय का, व्हॉल्व्ह मोठा स्ट्रोक घेताना एअर सप्लायचा गेज खाली बसतो का, डायफ्रॅम किंवा ट्यूबिंगमधून हवा सुटते का, हे बघा. हवेत पाणी-तेल येत असेल तर पोझिशनर बदलूनही दोष परत येतो. फिल्टर रेग्युलेटरचा तळ उघडला की ते कळतं.

पुढच्या वेळी यंत्रणेनेच सांगावं म्हणून

पीएलसीत सिग्नलचा बिघाड आणि प्रक्रियेतला कमी फ्लो यांचे अलार्म वेगळे करा. कच्चा करंट ३.६ किंवा त्याखाली, अथवा २१ किंवा त्यावर गेला तर ‘फ्लो सिग्नल खराब’ असा संदेश यावा, आणि फर्स्ट-आउटमध्ये तो स्वतंत्र कारण म्हणून नोंदला जावा. त्यावर ट्रिप द्यायची की तीनपैकी दोन ट्रान्समीटरच्या मतदानावर सोडायची, हा सुरक्षेचा निर्णय आहे. ट्रिपला नुसता वेळ लावून दोष लपवणं, तेही मंजुरीशिवाय, कधीच करू नका.

सपाट रेघ ओळखायला पंप चालू असतानाच ६० सेकंदांचं प्रमाण विचलन मोजा आणि चांगल्या स्थितीतल्या आकड्याशी ताडा. एक तृतीयांशाच्या खाली गेलं तर इशारा, ही सुरुवातीची मर्यादा चालते. ओपी आणि पोझिशन फीडबॅकमध्ये ५% हून जास्त फरक १० सेकंद टिकला तर व्हॉल्व्हचा इशारा. स्ट्रोकचा वेळ जास्त असेल तर हे १० सेकंद वाढवा.

तफावतींना मर्यादा लावताना तीन प्रमाण विचलनं घ्यायची पद्धत आहे. पण सामान्य वितरण धरलं तरी ०.२७% नोंदी निर्दोष असूनही त्याबाहेर जातात. दर सेकंदाला एक नोंद असेल तर दिवसाला सुमारे २३३ खोटे इशारे. ऑपरेटर दुसऱ्याच दिवशी तो अलार्म बंद करेल, आणि त्याचं बरोबरच असेल. म्हणून मिनिटाची सरासरी काढून ती तपासा, आणि सलग काही मिनिटं बाहेर राहिली तरच इशारा द्या. स्टार्टअप आणि सेट पॉइंट बदलाच्या वेळी ही तपासणी थांबवून ठेवा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. काढलेला भाग तारखेची चिठ्ठी लावून ठेवा आणि बाकावर तपासा. तो निर्दोष निघाला तर दोष अजून लूपमध्येच आहे. ज्या परिस्थितीत ट्रिप यायची, म्हणजे पूर्ण लोड, तापलेलं कॅबिनेट, शेजारचा ड्राइव्ह सुरू होणं, तीच परिस्थिती मुद्दाम आणून कच्चा करंट बघा. लूप ऑटोमध्ये देण्याआधी कम्युनिकेटरने धरलेला ठरावीक करंट सोडवा, डॅम्पिंग मूळ आकड्यावर आणा, पीएलसीतले फोर्स (हाताने लादलेली मूल्यं) काढा आणि इंटरलॉकचा बायपास काढून रजिस्टरमध्ये सही घ्या.